ओपन-बॅक हेडफोन : आवाज मोकळा हवा, तर कोपरा शांत हवा

नवे हेडफोन घ्यायचे म्हणून तुम्ही ऑनलाइन शोधायला बसलात की थोड्याच वेळात एक शब्द समोर येतो : 'ओपन-बॅक'. फोटोत कानावरच्या वाटीला बाहेरून जाळी दिसते. खाली लोकांनी कौतुकाचे ढीग रचलेले असतात. कुणी म्हणतं, 'हेडफोन घातलेत असं वाटतच नाही,' तर कुणी म्हणतं, 'गायक समोर बसलाय असं वाटतं.' किंमत मात्र काही हजारांपासून थेट लाखाच्या घरात जाते.

मग प्रश्न पडतो की हे आपल्यासाठी आहेत का? कारण याच हेडफोनबद्दल नाराज होणारेही कमी नाहीत. 'बास नाही', 'पंख्याचा आवाज येतो', 'बाजूला बसलेल्याला सगळं ऐकू जातं' अशा तक्रारीही तुम्ही वाचल्या असतील. गंमत म्हणजे कौतुक आणि तक्रार, दोन्ही खरी आहेत. ओपन-बॅक हेडफोन तुम्ही बसलेल्या खोलीसकट ऐकायचे असतात. एवढी एक गोष्ट लक्षात आली की ते घ्यायचे की नाही आणि घेतले तर कसे वापरायचे, हे दोन्ही सोपं होतं.

वाटीच्या मागे काय असतं?

हेडफोनच्या वाटीत एक पातळ पडदा असतो. गाणं सुरू झालं की हा पडदा पुढे-मागे थरथरतो. पुढे जाणारा आवाज तुमच्या कानात येतो. पण पडदा मागे सरकतो तेव्हा तेवढाच आवाज मागच्या बाजूलाही तयार होतो. त्याचं काय करायचं?

नेहमीच्या बंद हेडफोनमध्ये वाटीची पाठ प्लास्टिकने किंवा धातूने बंद असते. मागचा आवाज आत अडकतो, भिंतींवर आपटतो आणि त्यातला थोडा परत पडद्यापर्यंत येतो. चांगल्या कंपन्या आत कापूस, फोम घालून तो शोषून घेतात, तरी थोडी घुमी उरतेच. ओपन-बॅकमध्ये पाठीला जाळी असते, त्यामुळे मागचा आवाज सरळ बाहेर निघून जातो.

हे घरीच तपासून पाहता येतं. ओपन-बॅक हेडफोन लावून गाणं सुरू करा आणि दोन्ही वाट्यांच्या जाळीवर तळहात ठेवा. आवाज एकदम कोंदट होईल, बदलेल. हात काढा, पुन्हा मोकळा होईल. दुकानात हेडफोन पाहायला गेलात तर ही चाचणी जरूर करा. दहा सेकंदांत फरक कळतो.

ही कल्पना नवी नाही. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने १९६८ साली 'एचडी ४१४' नावाचे हेडफोन आणले. पिवळ्या फोमच्या गाद्या असलेले हे हेडफोन जगातले पहिले ओपन हेडफोन मानले जातात. त्याआधीचे हेडफोन जड आणि कान दाबून धरणारे असत. पुढे १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला. त्याच्यासोबत मिळणारे नारिंगी फोमचे हलके हेडफोनही उघडेच होते. तुमच्या आईबाबांना किंवा मामा-काकांना विचारा. फोमच्या गाद्यांचे ते वॉकमनचे हेडफोन त्यांना आठवतील आणि शेजारी बसलेल्याला किणकिण ऐकू यायची, हेही आठवेल. म्हणजे ओपन हेडफोन आपल्या घरांत येऊन गेलेले आहेत, फक्त तेव्हा त्यांना हे नाव नव्हतं.

आवाज नेमका कसा वाटतो?

पहिल्यांदा जाणवतो तो मोकळेपणा. बंद हेडफोन घातले की कानांवर झाकण बसल्यासारखं वाटतं. दोन्ही कानांत बोटं घालून काहीतरी बोलून पाहा, स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा येतो. बंद हेडफोनमध्ये हाच प्रकार थोड्या प्रमाणात होतो. ओपन-बॅकमध्ये कान झाकलेले असूनही बंद झालेले नसतात. तुमचा स्वतःचा आवाज, खोलीतली हालचाल हे सगळं जवळपास नेहमीसारखंच ऐकू येत राहतं. म्हणूनच 'हेडफोन घातलेत असं वाटत नाही' असं लोक म्हणतात.

दुसरी गोष्ट बारकाव्यांची. आत घुमणारा आवाज कमी असल्यामुळे मधले आणि वरचे सूर सुटे सुटे ऐकू येतात. तानपुऱ्याचं उदाहरण घ्या. तारेखाली जवारीचा दोरा नीट बसला की एका तारेतून अनेक सूर झंकारत राहतात. साध्या हेडफोनवर तानपुरा मागे एकसारखी 'गूं' करतो. चांगल्या ओपन-बॅकवर त्या झंकारातले पदर वेगवेगळे कळू लागतात. गायकाने श्वास घेतला, तबलजीने बायाँ घुमवला, हार्मोनियमची पट्टी टक्कन वाजली, अशा छोट्या गोष्टी वर येतात.

तिसरी गोष्ट बासची. इथेच अनेकांची निराशा होते. पाठ उघडी असल्यामुळे खूप खालचे सूर आत दाबून धरले जात नाहीत. पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना थोडा खोडूनही काढतो. त्यामुळे ढोल-ताशाचा किंवा डीजेचा छातीत बसणारा दणका ओपन-बॅकवर सहसा मिळत नाही. बास असतो, पण तो सुटसुटीत आणि आटोपशीर असतो. तुमची प्लेलिस्ट लेझीम, ढोल आणि क्लबच्या गाण्यांनी भरलेली असेल, तर बंद हेडफोन तुम्हाला जास्त आनंद देतील. त्यात कमीपणाचं काही नाही.

मैफल समोर बसते का?

जाहिरातींमध्ये 'साउंडस्टेज' हा शब्द फार वापरला जातो. म्हणजे वाद्यं डोक्याच्या आत न वाजता आजूबाजूला पसरून वाजल्यासारखी वाटणं. ओपन-बॅकमध्ये हा पसारा बंद हेडफोनपेक्षा मोठा वाटतो, हे खरं. पण अपेक्षा थोडी जमिनीवर ठेवा. घरातल्या दोन स्पीकरवर गाणं लागतं तेव्हा डाव्या स्पीकरचा आवाज थोडा उजव्या कानालाही ऐकू येतो. हेडफोनमध्ये तसं होत नाही. त्यामुळे स्पीकरसारखी समोरासमोरची मैफल कुठलाही साधा हेडफोन उभी करत नाही.

आणि पसारा मुळात रेकॉर्डिंगमध्ये असावा लागतो. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेलं 'गीतरामायण' किंवा त्या काळातली नाट्यगीतं घ्या. तेव्हाची रेकॉर्डिंग मोनो होती, म्हणजे डाव्या आणि उजव्या कानाला एकच आवाज. कितीही महाग हेडफोन लावले तरी गायक डोक्याच्या मधोमधच ऐकू येणार. हेडफोन बिघडलेत असं समजू नका. अशा गाण्यांत ओपन-बॅकचा फायदा वेगळा मिळतो : शब्द स्पष्ट येतात, आवाजातली माया जाणवते आणि तासभर ऐकूनही कान शिणल्यासारखे वाटत नाहीत.

पसारा अनुभवायचा असेल तर स्टिरिओ आणि काळजीपूर्वक केलेलं काहीतरी लावा. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांचा १९६७ सालचा 'कॉल ऑफ द व्हॅली' ऐका. संतूर, बासरी आणि गिटार कुठे कुठे बसले आहेत हे डोळे मिटून शोधा. किंवा अजय-अतुल यांचं 'सैराट' लावा. २०१६ च्या या सिनेमाच्या संगीतासाठी हॉलिवूडमधल्या स्टुडिओत मोठा सिम्फनी वाद्यवृंद रेकॉर्ड केला होता. मोबाइलच्या स्पीकरवर शंभर वेळा ऐकलेल्या गाण्यामागे व्हायोलिनचा केवढा ताफा आहे, हे पहिल्यांदा लक्षात येईल.

घेण्याआधी स्वतःला विचारा

हेडफोन कुठे वापरणार? बस, लोकल, मेट्रो, ऑफिस किंवा वाचनालय असं उत्तर असेल तर ओपन-बॅक घेऊ नका. बाहेरचा गोंगाट सरळ आत येईल आणि तुमचं गाणं सरळ बाहेर जाईल.

बाजूला कोण असतं? रात्री शेजारी कुणी झोपलेलं असेल किंवा त्याच खोलीत मूल अभ्यास करत असेल, तर त्यांना तुमचं गाणं ऐकू जाणार. एका खोलीत सगळं घर नांदत असेल तर हा विचार आधी करा, पैसे नंतर खर्च करा.

ऑनलाइन मीटिंगसाठी हवेत का? स्वतःचा आवाज नीट ऐकू येत असल्यामुळे बोलणं सोपं जातं, उगाच मोठ्याने बोललं जात नाही. पण समोरच्याचा आवाज बाहेर पडून तुमच्या माइकमध्ये शिरू शकतो, म्हणून आवाज बेताचा ठेवा.

रियाज करता का? तानपुरा ॲप लावून गाणाऱ्यांसाठी ओपन-बॅक फार सोयीचे आहेत, कारण सूर आणि स्वतःचा गळा दोन्ही नैसर्गिक ऐकू येतात. पण गाणं रेकॉर्ड करताना बंद हेडफोनच घाला, नाहीतर तानपुरा माइकमध्ये उतरेल.

आणि घरात लहान बाळ, आजारी माणूस किंवा वयस्कर आजी-आजोबा असतील तर? इथे हे हेडफोन खरोखर उपयोगी पडतात. गाणं ऐकत असतानाही हाक ऐकू येते, दाराची बेल कळते, कुकरची शिटी मोजता येते. बंद हेडफोन घालून बसलेल्या माणसाला तीन-तीन हाका मारणारं घर कुणाला माहीत नाही?

चांगलं ऐकायचंय? मग या क्रमाने जा

आधी खोली : पैसे खर्च न करता सर्वात मोठा फरक इथे पडतो. पंख्याची घरघर, कूलर, एसी, रस्त्यावरची रहदारी, हे सगळं आपल्या गाण्यात मिसळतं. पंख्याचा जाडसर आवाज नेमका बास झाकून टाकतो. म्हणून ऐकायला बसताना पंखा एक-दोन नंबरने कमी करा, रस्त्याकडची खिडकी लावा, शक्य असेल तर पहाटे किंवा रात्री उशिराची वेळ निवडा. 'बास नाही' ही निम्मी तक्रार पंखा बंद करून ऐकलं की कमी होते.

मग कानावर बसवणं : डावी-उजवी बाजू पाहा. गादी कानाभोवती सगळीकडून टेकली पाहिजे. केस, कानातले डूल किंवा चष्म्याची काडी मध्ये आली की फट पडते आणि बास निसटतो. पाठ उघडी असली तरी कानाच्या बाजूची गादी नीट टेकणं गरजेचंच आहे. वरची पट्टी थोडी लांब-आखूड करून, वाट्या थोड्या पुढे-मागे सरकवून पाहा. आवाजातला बदल तुम्हालाच कळेल.

मग फोन आणि जोडणी : बहुतेक ओपन-बॅक वायरचे असतात आणि आजच्या अनेक फोनना हेडफोनचं भोकच नसतं. त्यासाठी यूएसबी-सीचा छोटा डोंगल लागतो. इथे दोन आकडे पाहा : ओहम आणि सेन्सिटिव्हिटी. फिलिप्सचे 'एसएचपी ९५००' ३२ ओहमचे आहेत, ते फोनवर सहज वाजतात. सेनहायझरचे नावाजलेले 'एचडी ६००' ३०० ओहमचे आहेत आणि १ व्होल्टला साधारण ९७ डेसिबल आवाज देतात. छोटे डोंगल साधारण १ व्होल्टच्या आसपास देतात. म्हणजे सिनेमाची गाणी ठीक वाजतील, पण ख्यालातला संथ आलाप किंवा हळू रेकॉर्ड केलेली जुनी मैफल लावली तर आवाज पूर्ण वाढवूनही कमी पडू शकतो. तेव्हा थोडा ताकदीचा डोंगल किंवा छोटा ॲम्प्लिफायर कामी येतो. नुसता ओहमचा आकडा कमी आहे म्हणून हेडफोन मोठा वाजेल असं नसतं, दोन्ही आकडे एकत्र वाचा. आणि तुमचे हेडफोन फोनवरच पुरेसे वाजत असतील तर ॲम्पवर पैसे घालवू नका.

मग गाण्याची फाइल : म्युझिक ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन 'ऑडिओ क्वालिटी' तपासा. डेटा वाचवण्यासाठी ती बऱ्याचदा कमी ठेवलेली असते. घरच्या वायफायवर सर्वात वरची निवडा. फोनमधले 'सराउंड', '३डी', 'बास बूस्ट' असले इफेक्ट बंद करा. जुनी गाणी शक्यतो मूळ कंपनीने दिलेली ऐका. कुणीतरी कॅसेटवरून उतरवून टाकलेली खरखरीत प्रत ओपन-बॅकवर आणखीच खरखरीत वाटते.

शेवटी इक्वलायझर : बास थोडा हवा असेल तर १०० हर्ट्झच्या खालचा भाग ३-४ डेसिबल वाढवा आणि एकूण आवाजाची पातळी तेवढीच खाली आणा, म्हणजे आवाज फाटणार नाही. वरचे सूर टोचत असतील तर ते थोडे कमी करा. एका वेळी एकच बदल करा आणि दोन-तीन ओळखीची गाणी ऐकून ठरवा.

एक सल्ला मात्र पक्का लक्षात ठेवा. दोन हेडफोनची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. जो थोडा मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो. दुकानात नेमकी इथेच फसगत होते. नवे हेडफोन पहिल्या दिवशी 'फिके' वाटले तरी आठवडाभर तेच वापरा. बासभरल्या इअरफोनची सवय झालेल्या कानांना थोडा वेळ लागतो.

कानांचा हिशोब

ओपन-बॅक असले म्हणून ते कानांना आपोआप सुरक्षित ठरत नाहीत. उलट बाहेरचा गोंगाट आत येतो म्हणून आपण आवाज वाढवतो, मिक्सर सुरू झाला की आणखी वाढवतो आणि तो बंद झाल्यावर कमी करायला विसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांनी ८० डेसिबलच्या पातळीवर आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबल आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते, म्हणजे ८३ डेसिबलला २० तास आणि ८६ ला फक्त १० तास.

घरात डेसिबल मोजायचं यंत्र नसतं, म्हणून साधा नियम करा. शांत खोलीत आवाज ठरवा आणि नंतर गोंगाट झाला तरी तो वाढवू नका. गोंगाट फारच झाला तर गाणं थांबवा. दर तासाला हेडफोन काढून पाच-दहा मिनिटं कानांना विश्रांती द्या. ऐकून झाल्यावर कानात शिटी वाजल्यासारखं वाटत असेल तर आवाज जास्त होता असं समजा. तसं वारंवार होत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. गेलेली श्रवणशक्ती नव्या हेडफोनसारखी ऑनलाइन मागवता येत नाही.

थोडी निगाही हवी

जाळीतून आवाज बाहेर जातो तशी धूळ आणि केस आत जातात. वापरून झाल्यावर हेडफोन कापडी पिशवीत किंवा डब्यात ठेवा. पावसाळ्यात त्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. ओल्या केसांवर, घाम आलेला असताना हेडफोन घालू नका. जाळी कोरड्या मऊ ब्रशने साफ करा, आत फुंकर मारू नका आणि पाणी तर अजिबात लावू नका. गाद्या वर्षा-दोन वर्षांत चपट्या होतात. त्यामुळे कान पडद्याच्या जवळ जातो आणि आवाज बदलतो. हेडफोन 'जुना झाला' म्हणून टाकून देण्याआधी नव्या गाद्या लावून पाहा. घेतानाच गाद्या आणि वायर वेगळ्या मिळतात का ते विचारून घ्या, म्हणजे तेच हेडफोन पुष्कळ वर्षं चालतील.

आता हिशोब तुमच्या हातात आहे. रोज अर्धा तास का होईना, घरात एक शांत कोपरा मिळत असेल तर ओपन-बॅक तुमच्या ओळखीच्या गाण्यांत बरंच नवं ऐकवतील आणि त्यासाठी सर्वात महागडे हेडफोन लागत नाहीत. तसा कोपरा मिळत नसेल, तर त्याच पैशांत चांगले बंद हेडफोन घ्या आणि प्रवासातही वापरा. या रविवारी दुपारी, घर झोपलेलं असताना, एखाद्या मित्राचे किंवा मैत्रिणीचे ओपन-बॅक मागून आणा. पंखा एकवर ठेवा आणि लहानपणापासून पाठ असलेलं एखादं गाणं लावा. घ्यायचे की नाही ते त्या चार मिनिटांत ठरेल.